फळ्याशी बोलणारे सर

"मॅडम, सगळंच उत्कृष्ट कसं चालेल? थोडी कमतरता घाला की," असं म्हणून प्राचार्य टेंभेकरांनी समोरच्या ताटलीतला पेढा अख्खा तोंडात टाकला.

मी त्यांच्या केबिनमध्ये उभी होते. टेबलासमोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला 'बसा' म्हणायची रीत आमच्या महाविद्यालयात नव्हती. उभ्या उभ्याच ऐकायचं आणि उभ्या उभ्याच निघायचं.

"कमतरता कुठून आणू सर? मुलांनी लिहिलेलीच नाही."

"तुम्ही संख्याशास्त्राच्या ना? मग काढा आकड्यांतनं." त्यांनी बोटाला लागलेली साखर रुमालाला पुसली. "कॉलेजचा दर्जा ठरवायला येणाऱ्या समितीला काय लागतं माहितीय का? विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतला, त्याचं विश्लेषण केलं, उणीव सापडली, ती दूर केली, अध्यापन सुधारलं. आता उणीवच नसली तर दूर काय करणार आपण?"

या माणसाला डॉक्टरेट कशी मिळाली हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. पण त्या दिवशी त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. अभिप्रायाचे गठ्ठे मी घरी नेऊन चाळले होते. पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत, मराठीपासून रसायनशास्त्रापर्यंत, जवळजवळ सगळ्या गुरुजनांना पाचपैकी पाच. एका पोरानं तर रजेवर असलेल्या भूगोलाच्या बाईंनाही पाच दिले होते आणि पुढे 'आवाज स्पष्ट' असं लिहिलं होतं.

दुसरं काय होणार? आमच्याकडे अभिप्राय गुरुपौर्णिमेला घेत. सकाळी मंडपात प्रत्येक प्राध्यापकाच्या हातात गुलाबाचं फूल, मग मुलांना पेढे, मग गुरूच्या थोरवीवर टेंभेकरांचं भाषण, आणि टाळ्या थांबायच्या आत फॉर्मवाटप. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते गुरू स्वतःच रांगांमधून हिंडत पेनं पुरवायचे. फॉर्मवर ठळक अक्षरात छापलेलं असायचं, 'आपले मत निर्भयपणे मांडा', आणि त्याच्याच वर हजेरी क्रमांकाची चौकट. ही सगळी टेंभेकरांची कल्पना. तिच्यावर त्यांनी कुठल्याशा परिषदेत निबंधही वाचला होता.

"आणि इंगवले सरांचं जरा ठसठशीत करा," निघताना त्यांनी बजावलं. "त्यांचाच विषय नमुना म्हणून दाखवायचाय. एवढी समिती नीट पार पडू द्या, वरून दर्जा मिळाला की नवी जागा मागून घेतो. ती तुमचीच."

ती जागा माझीच असल्याचं मी तिथे पाय ठेवल्यापासून ऐकत होते. विश्वास कधीच उडाला होता. पण यजमानांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्या तासांवर चालत होतं, आणि हे तास पुढच्या जूनमध्ये द्यायचे की नाही हे याच माणसाच्या हातात होतं. म्हणून मान डोलावून बाहेर पडले. राग असा आला होता की जिना उतरताना चप्पल मुद्दाम आपटत उतरले.

इंगवले सर कोण हे सांगायला हवं. प्रा. डॉ. गजेंद्र इंगवले, संख्याशास्त्र विभागप्रमुख. सकाळी मस्टरवर सही करायचे, स्टाफरूममध्ये पेपर वाचायचे, आणि मोटारसायकलला किक मारून आपल्या द्राक्षबागेत जायचे. वर्गात मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचे सगळे तास मी घ्यायचे. पण कागदावर ते त्यांच्याच नावावर, कारण तास पुरे दिसले नाहीत तर त्यांची जागा जादा ठरली असती. कागदावर मी कच्च्या मुलांची उजळणी घेणारी बाई होते. त्यामुळे 'संख्याशास्त्राचे अध्यापन' या मथळ्याखाली पोरं जे काही लिहीत ते इंगवल्यांच्या खात्यात जमा व्हायचं. त्याच जोरावर संस्थेनं त्यांना एकदा आदर्श शिक्षक म्हणून शाल घातली. मी त्या कार्यक्रमात रांगोळी काढली होती.

आता खऱ्या अभिप्रायाबद्दल. त्याचं वेड मला आधीपासूनच होतं, फक्त त्याला एवढं भारदस्त नाव आहे हे ठाऊक नव्हतं. वर्गात 'कळलं का?' म्हटलं की एका सुरात 'हो मॅडम' यायचं आणि परीक्षेत कोरे कागद. म्हणून आदल्या वर्षापासून तास संपताना मी चिठ्ठ्या लिहून घ्यायला लागले. नाव नको, हजेरी क्रमांक नको. आज काय कळलं नाही तेवढंच लिहा.

पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या घेऊन बसले आणि डोकं फिरलं. 'सर्व समजले.' 'मॅडम खूप छान शिकवतात.' एकानं कमळाचं फूल काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्यासमोर फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"सगळं समजतं ना तुम्हाला? मग मी घरी जाते. या फळ्यावर आणि शिकवा एकमेकांना," मी म्हणाले. "लाचार आहात तुम्ही सगळे. आत्तापासून एवढं लोणी लावायला शिकलात, तर पुढे कराल काय?"

मागच्या बाकावरची वनिता खरमाटे उभी राहिली. तोवर तिच्याविषयी माझं मत काही बरं नव्हतं. दूरच्या वाडीवरून एसटीनं यायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची, हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही आवाज फुटायचा नाही. मी मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं.

"मॅडम, बोलू का?"

"बोल."

"तुमी फळ्याशी बोलता."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी गणित मांडत जाता आन् तिकडंच तोंड करून सांगत जाता. आमाला नुस्ती पाठ दिसती तुमची. फळ्याला कळत असंल सगळं. आमाला न्हाई कळत."

एक-दोघं फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. माझे कान तापले. ही पोर मला शिकवणार? मी सुवर्णपदक घेतलेली बाई. रात्रभर चरफडले. पण सकाळी तास सुरू झाल्यावर स्वतःकडे लक्ष ठेवून पाहिलं, तर खरंच मी फळ्याशी बोलत होते. वर्गाकडे बघायचा मला कंटाळा होता, हे त्या पोरीनं ओळखलं होतं.

मग पद्धत बदलली. एक पायरी मांडायची, खडू खाली ठेवायचा, वर्गाकडे तोंड करायचं आणि विचारायचं, "इथपर्यंत कुणाला कळलं नाही?" कुणाला कळलं, असं नाही. कुणाला कळलं नाही. ज्याला कळलं नाही त्यानं उभं राहायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही. सुरुवातीला वनिता एकटीच उभी राहायची. दिवाळीनंतर निम्मा वर्ग उभा दिसायला लागला आणि त्या वर्षी कोरे कागद जवळपास बंद झाले. मला त्या वर्गात जायला आवडायला लागलं. त्या महाविद्यालयातली मला आवडणारी तेवढी एकच खोली होती.

टेंभेकरांनी उणीव मागितली तेव्हा माझ्याकडे खरीखुरी अशी ही एकच होती. मी ती अहवालात घातली. मुद्दाम घातली, त्यात खवचटपणा होता हे नाकारत नाही. 'संख्याशास्त्र. अध्यापक: डॉ. इंगवले. आढळलेली उणीव: सर फळ्याशी बोलतात. केलेली सुधारणा: आता सर प्रत्येक पायरीनंतर वर्गाकडे वळून शंका विचारतात. परिणाम: निकालात वाढ.'

टेंभेकर वाचून हरखले. "व्वा! याला म्हणतात उणीव!"

इंगवले मात्र दुपारी मला स्टाफरूमच्या दारात गाठून तावातावानं भांडायला लागले. अंगाला बागेत मारलेल्या औषधाचा वास येत होता.

"गुरव मॅडम, ही बदनामी आहे. मी फळ्याशी कुठं बोलतो?"

"नाही बोलत सर?"

"अहो, मी फळ्याकडं जातच नाही!"

त्यांना स्वतःला यात काही विनोदी वाटलं नाही. पाठीमागे चहा पिणाऱ्या सहा प्राध्यापकांनाही वाटलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या, आणि मराठीचे सर म्हणाले की 'बोलतात'च्या जागी 'संवाद साधतात' केलं तर बरं दिसेल.

पण अहवाल पुढे गेला होता, आणि त्यातून टेंभेकरांपुढे नवीच पंचाईत उभी राहिली. नमुना म्हणून दाखवलेला विषय समिती प्रत्यक्ष बघायला मागणार. इंगवल्यांना फळ्यापुढे उभं करायचं कसं? त्यांनी सरळ सांगितलं, "खडूनं मला सर्दी होते." मला उभं करता येत नव्हतं, कारण कागदावर मी त्या वर्गाची कुणीच नव्हते. शेवटी ठरलं की विद्यार्थीच दाखवेल. सरांनी शिकवलेलं मुलगी फळ्यावर करून दाखवते, यापेक्षा मोठा पुरावा काय? मुलगी कोण, हे विचारायची गरज नव्हती.

वनिताला केबिनमध्ये बोलावलं. मलाही.

"हे तुला कुणी शिकवलं, असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?" टेंभेकरांनी तिला विचारलं.

ती माझ्याकडे बघायला लागली.

"मॅडमकडं काय बघतीस? इकडं बघ. इंगवले सर. काय?"

"इंगवले सर."

"शाब्बास. तुझे अंतर्गत गुण सरांच्या सहीनं जातात, लक्षात आहे ना?"

"व्हय सर."

बाहेर आल्यावर ती माझ्या मागे मागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत आली.

"मॅडम, तुमी का बोलला न्हाई?"

"माझे तास त्यांच्या हातात आहेत, वनिता. तुझे गुण आहेत तसेच. सांगितलंय तेवढं म्हण आणि मोकळी हो."

ती तशीच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला त्या क्षणी टेंभेकरांची किळस आली आणि त्या सबंध इमारतीची आली.

समिती आली ती थंडीत. फाटकावर सनई, मुलींच्या डोक्यावर कलश, फेटे, द्राक्षांच्या पेट्या. द्राक्षं अर्थातच इंगवल्यांच्या बागेतली. पाहुणे तिघं होते. त्यांतल्या दोघांनी पुरणपोळी आणि कटाच्या आमटीवर असा ताव मारला की सभागृहात त्यांचे डोळे उघडे राहिनात. तिसरे गिरडकर नावाचे, नागपूरकडचे, काटकुळे गृहस्थ. त्यांनी ताकभात खाल्ला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, हाही इतरांसारखाच, फक्त पोट बिघडलेला.

पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, त्यांच्यामागे प्राध्यापक, मागे मुलं. मी बाजूच्या भिंतीशी, पाण्याच्या पिंपाजवळ. टेंभेकरांनी पडद्यावर माझे तक्ते दाखवले. महाविद्यालयाची सरासरी चार पूर्णांक नऊ.

"फारच चांगले शिक्षक दिसून राहिले तुमचे," गिरडकर म्हणाले. टेंभेकरांना ती स्तुती वाटली.

मग वनिता फळ्यापाशी गेली. सुरुवातीला खडू एकदा तुटला. पण बोलायला लागल्यावर कुठे अडखळली नाही. तिनं म्हशींचं उदाहरण घेतलं, आम्ही वर्गात घेतलं होतं तेच. गोठ्यात पाच म्हशी. चार भाकड व्हायला आलेल्या, जेमतेम लिटर लिटर देणाऱ्या, आणि एक सोळा लिटरची. सरासरी किती? चार. तिनं मांडलं, खडू खाली ठेवला, सभागृहाकडे तोंड केलं.

"हितपर्यंत कुणाला कळालं न्हाई?"

पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आता चार लिटर देणारी म्हस गोठ्यात हाय का? एक पण न्हाई," ती पुढे म्हणाली. "सरासरी सांगून चारी भाकड म्हशी इकता येत्याल. म्हून नुस्ती सरासरी बघायची न्हाई. मधली किंमत बघायची. ती हाय एक."

गिरडकर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी पडद्यावरच्या चार पूर्णांक नऊकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"छान. फारच छान. हे तुला कोणी शिकवलं बेटा?"

इंगवल्यांनी कोटाचं बटण लावलं आणि उठायच्या तयारीत बसले. टेंभेकरांनी मान हलवून तिला खूण केली. वनितानं त्या दोघांकडे पाहिलं. मग भिंतीपाशी, माझ्याकडे पाहिलं.

"सर, मला एक कळालं न्हाई. इचारू का?"

"विचार ना."

"आमाला ह्ये सगळं गुरव मॅडमनी शिकिवलं. मग नाव इंगवले सरांचं का सांगायचं?"

डुलक्या घेणारे दोघेही जागे झाले.

"मुलगी घाबरली आहे," टेंभेकर जागेवरूनच हसत म्हणाले. "ग्रामीण भाग आहे सर, मुलींना स्टेजची सवय नसते."

"बाळ, बस खाली," इंगवले म्हणाले. आवाज मऊ, डोळे भयंकर.

"उत्तर मिळंपर्यंत बसायचं न्हाई, आसं हाय आमच्यात," वनिता म्हणाली, आणि उभीच राहिली.

पुढे काय काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण त्यात काही दम नाही. जूनमध्ये मला तास मिळाले नाहीत. टेंभेकरांनी निरोप शिपायाबरोबर पाठवला, स्वतः सांगायची हिंमत नव्हती. वनिताला अंतर्गत गुण पास होण्यापुरते पडले. लेखी परीक्षेत मात्र तिनं वर्गात पहिला नंबर काढला, तो इंगवल्यांच्या सहीचा नव्हता. समितीचा अहवाल आला, त्यात गिरडकरांचं काही चाललेलं दिसत नव्हतं. महाविद्यालयाला वरचा दर्जा मिळाला. सामर्थ्यस्थळांमध्ये एक वाक्य होतं, 'येथील विद्यार्थी निर्भयपणे प्रश्न विचारतात.' टेंभेकरांनी ते मोठ्या अक्षरात रंगवून फाटकावर लावलं. ते अजून तिथे आहे, मी एसटीतून जाताना पाहते आणि थुंकावंसं वाटतं. इंगवले सन्मानानं निवृत्त झाले. मी सांगलीत खाजगी शिकवण्या सुरू केल्या, घर चाललं.

पण हे सगळं नंतरचं. सभागृहात तेव्हा फक्त एक मुलगी उभी होती आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. संस्थेचे पदाधिकारी छताकडे बघत होते. सहकारी प्राध्यापक, ज्यांच्यातल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं, आपापल्या बुटांकडे बघत होते. मराठीचे सर चष्मा पुसत होते. एवढी शिकलेली माणसं एका खोलीत, आणि एका पोरीच्या साध्या प्रश्नाला तोंड द्यायची एकाचीही लायकी नव्हती. मला घर आठवलं, जून आठवला. आणि त्या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून मीही गप्प बसले तर उद्या त्या वर्गात कुठल्या तोंडानं जाऊ, हेही मनात आलं.

मी पिंपापासून निघाले, पहिल्या रांगेसमोरून चालत फळ्यापाशी गेले.

"मॅडम, तुमचं इथं काही काम नाही," टेंभेकर दबक्या आवाजात म्हणाले.

वनितानं माझ्या हातात खडू दिला. मी तो खाली ठेवला. लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी सभागृहाकडे तोंड केलं.

"वनिता, नाव सरांचं सांगायचं, कारण कागदावर हा वर्ग सरांचा आहे. सर या वर्गात कधीही आलेले नाहीत. त्यांना पगार शिकवण्याचा मिळतो आणि मला नुसत्या उजळणीचा. हे प्राचार्यांना माहीत आहे, इथे बसलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला माहीत आहे. पडद्यावरचा अहवाल मी लिहिलाय. त्यातली फळ्याशी बोलण्याची उणीव माझी आहे, आणि ती सुधारली या मुलीनं."

कुणीतरी खोकलं.

सवयीनं माझ्या तोंडून पुढचं वाक्य गेलं.

"इथपर्यंत कुणाला कळलं नाही?"

मी थांबले. एकेका चेहऱ्याकडे बघत थांबले. टेंभेकर, इंगवले, पदाधिकारी, बुटांकडे बघणारे सगळे. एकही जण उभा राहिला नाही. त्या महाविद्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं कळलं होतं.

वनिता अजून माझ्या शेजारी उभी होती.

"बसू का मॅडम?" तिनं विचारलं.

"बस," मी म्हणाले.